दोन मिनिटांचा पटदीप

काल टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचं चित्रीकरण झालं. मी ‘मर्मबंधातली ठेव ही’ गायले. सावरकरांच्या ‘संन्यस्त खड्ग’मधलं पद, १९३१ सालचं, चाल वझेबुवांची आणि गळा मास्टर दीनानाथांचा. बैठकीत हे पद मनाजोगतं फुलवता येतं. टीव्हीवर मात्र जेमतेम दोन मिनिटं मिळतात. मग काय ठेवायचं? मी बहुतेक ताना गाळल्या आणि शुद्ध निषादावरचा ठेहराव ठेवला. हे पद पटदीप रागातलं, आणि पटदीपाचा सगळा जीव त्या निषादात आहे. तो घाईघाईने घेतला, तर उरतात नुसते सूर. परीक्षकांना ताना हव्या होत्या, तसं ते म्हणालेही. पण माझा निर्णय मला आजही योग्यच वाटतो.

नवखं होतं ते कानातलं मॉनिटर. स्वतःचा आवाज इतका जवळून कधी ऐकला नव्हता, आणि समोरच्यांचं ‘वा!’ मात्र कानापर्यंत येतच नाही. इतकी वर्षं नोकरी सांभाळून घरगुती बैठका केल्या, त्या दादेवर तर माझं गाणं वाढलं! मग मी ऑर्गनवाल्या काकांकडे बघत गायले. त्यांची मान समेवर हलली, तेवढं मला पुरलं.

पुढच्या फेरीला भावगीत आहे. श्रीनिवास खळ्यांची एखादी चाल घ्यावी म्हणते. अंतरा गाळायला सांगितला, तर या वेळी मुखड्याची पुनरावृत्ती सोडेन, पण अंतरा पूर्ण गाईन.