सोवळ्यातल्या स्ट्रिंगबाई

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वाड्यात शिरलात की स्ट्रिंगबाईंशी गाठ पडणारच. मजकूर सांभाळणं हे त्यांचं काम. इतर भाषांत त्यांच्या जावा-नणंदा आहेत, पण एवढं कडक सोवळं पाळणाऱ्या थोड्याच.

घराणं यूटीएफ-8चं, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीचं. 1992 साली न्यू जर्सीतल्या एका खानावळीत केन थॉम्प्सन यांनी ताटाखालच्या मॅटवर त्याची मांडणी केली, सोबत रॉब पाइक होते. घराण्याची रीत अशी की मागून किती जण येताहेत हे पहिल्याच बाइटने सांगायचं. ‘म’ म्हणजे 224, 164, 174. दारात 224 दिसला की आणखी दोघं मागे आहेत हे बाईंना कळतं.

फाइलीतून किंवा नेटवर्कवरून आलेले बाइट बाईंच्या लेखी पारोसेच. दारावर ‘फ्रॉम यूटीएफ-8’ नावाचं फंक्शन उभं असतं. सगळे चोख निघाले तर आत, नाहीतर एरर. मात्र तुसडेपणा नाही. नाकारलेला माल जसाच्या तसा परत मिळतो, शिवाय कितव्या बाइटपर्यंत ठीक होतं तेही कळतं.

हा सगळा चोखंदळपणा उगाच वाटेल. पण 2000 साली एका नामांकित वेब सर्व्हरच्या पहारेकऱ्याला साधी तिरकी रेघ ओळखता आली नव्हती. तिचा खरा आकडा 47, एकच बाइट. ती 192 आणि 175 असा दोन बाइटांचा वेश घेऊन आली आणि पत्त्यातून वर सरकत नको त्या फोल्डरात पोचली. बाईंच्या दारात 192 दिसला की पुढचं बघायचीही गरज नाही. त्या आकड्याला या घरात प्रवेशच नाही.

हिशेब विचारायला मात्र जाऊ नका. ‘मराठी’ची लांबी किती? आपल्या डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. काना आणि वेलांटी वेगळी धरली तर पाच. बाई ठसक्यात सांगतात, पंधरा! त्या बाइटच मोजतात. कंसात शून्य लिहून पहिलं अक्षर मागितलंत तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. पहिल्या बाइटपुरता तुकडा मागितलात तर चालता प्रोग्रॅम जागच्या जागी कोसळतो. ‘म’चा एक तृतीयांश कापून देणं त्यांच्या हातून व्हायचं नाही.

बाहेर जाणाऱ्याला मात्र त्या अडवत नाहीत. मजकुराचे बाइट हवेत? घ्या. तपासणी नाही, नकार नाही.

मागचं एक दारही आहे, बिनतपासणीचं. तिथून जायचं तर कोडमध्ये ‘अनसेफ’ असं ठळक लिहून द्यावं लागतं. पुढे आत काही विटाळलं तर जबाबदार तुम्ही, बाई नव्हेत.

धाकट्या बहिणीचं नाव लॉसी. स्वभावाने मऊ, कुणाला परत पाठवणं जमत नाही. बाइट कळला नाही की त्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह ठेवून मोकळी. लॉगमध्ये नजर टाकण्यापुरतं ठीक. लोकांची नावं साठवायची असतील तर मी तिला बोलावणार नाही.

दोघींमधला फरक बघायचा तर नेटवर्कवरून 4096 बाइटांच्या घासांनी सलग देवनागरी येऊ द्या, मध्ये स्पेसही नको. 1365 अक्षरांचे 4095 बाइट होतात, उरतो पुढच्या अक्षराचा, समजा ‘म’चा, एकटा 224. थोरल्या बाई एरर देतात, पण त्यातच सांगतात, चुकलं काही नाही, मागचे दोघं अजून यायचेत. तो 224 बाजूला ठेवावा आणि पुढच्या घासाला जोडावा, अक्षर सुखरूप. धाकटी तेवढंही थांबत नाही. ती 224ला एक प्रश्नचिन्ह देते, पुढच्या घासात पोरके आलेल्या 164 आणि 174ला आणखी दोन. ते प्रत्येक चिन्ह स्वतः तीन बाइटांचं. तीन बाइटांच्या ‘म’च्या जागी नऊ बाइट बसतात आणि त्यांत ‘म’ कुठेच नसतो.