मामाच्या बोटीचा क्लास

२८ फेब्रुवारी २०२५. रात्री साडेअकराला फोन वाजला. पलीकडे ग्रीसमधल्या पिरिअस बंदरातलं आमच्या क्लायंटचं ऑफिस. तिथे संध्याकाळचे आठ वाजले होते आणि कोणीही घरी गेलं नव्हतं.

भानगड अशी होती, की त्यांच्या एका जहाजाची वार्षिक तपासणी ३० नोव्हेंबरला ड्यू होती. अशा तपासणीला तारखेच्या आधी तीन आणि नंतर तीन महिन्यांची मुभा असते. नोव्हेंबरच्या ३० तारखेत तीन महिने मिळवले, की आमच्या कोडला ३० फेब्रुवारी मिळायची. अशी तारीखच नसल्यामुळे तो तिला गुपचूप २ मार्चला नेऊन ठेवायचा. त्यामुळे स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत ‘दोन दिवस शिल्लक’ असं दिसत होतं. प्रत्यक्षात मुदत त्याच रात्री संपत होती. हे लक्षात आलं ते तिथल्या एका म्हाताऱ्या सुपरिटेंडंटच्या, आणि तेही भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटाने मोजताना. तो कोड मी लिहिलेला होता.

मुदत चुकली असती तर जहाजाचा ‘क्लास’ निलंबित झाला असता. क्लास गेला की विमा अडचणीत येतो, आणि विम्याशिवाय बंदर आत घेत नाही, माल भरणारा माल देत नाही. शेवटी त्यांनी बाहेर नांगरलेल्या जहाजावर लाँचने सर्व्हेअर पाठवला. बारा वाजायच्या आत तपासणी झाली. मी पहाटे दोनपर्यंत कोड दुरुस्त करत बसले होते. एका तारखेसाठी दोन देशांतली वीस माणसं जागी होती, आणि बुडायला तर काहीच आलेलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी होळी होती. मी घरी गेले.

घर म्हणजे तळोदा तालुक्यातली वसाहत. माझ्या आजोबांचं गाव सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं या धरणामुळे बुडितात आली. आम्हाला खाली सपाटीवर जमीन मिळाली, मला शाळा मिळाली, पुढे इंजिनिअरिंग झालं. आईचा भाऊ मात्र वर सरकत सरकत डोंगरावरच राहिला. त्याच्या पाड्याभोवती आता तीन बाजूंनी पाणी आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं, तेव्हापासून तर जास्तच. मामाकडे इंजिनाची एक बोट आहे. बाजाराच्या दिवशी तो माणसं भूषाला सोडतो, तिथून ती जीपने धडगावला जातात.

लहानपणापासून मी त्या बोटीत बसत आले. यंदा पहिल्यांदाच मी ती नीट पाहिली. नोकरीमुळे डोळ्यांना वाईट सवय लागली आहे.

क्लास म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं. सतराव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचं कॉफी हाऊस होतं. तिथे जहाजांचे मालक, कप्तान आणि विमा उतरवणारे जमायचे. विमा उतरवणाऱ्याची अडचण साधी होती. जहाज हजारो मैलांवर जाणार, आपण पैसे लावणार, पण ते जहाज कसं आहे हे आपल्याला ठाऊक नाही. म्हणून १७६० मध्ये त्यांनी मिळून एक संस्था काढली आणि जहाजांची यादी छापायला सुरुवात केली. जहाजाच्या सांगाड्याला ए, ई, आय, ओ, यू अशी अक्षरं दिली. दोर, नांगर वगैरे सामानाला आधी चांगलं-मध्यम-वाईट आणि पुढे १, २, ३ असे आकडे दिले. ज्याचं सगळं उत्तम ते ए-१. आपल्याकडे टपरीवर ‘ए-वन चहा’ लिहिलेलं असतं ना, त्यातलं ‘ए-वन’ तिथून आलेलं आहे.

मग १८२८ मध्ये अँटवर्पला ब्युरो व्हेरिटास निघाली, पुढे इतर देशांत अशाच संस्था निघाल्या. आपली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग १९७५ ची, मुख्यालय मुंबईत पवईला. जगातल्या मोठ्या वर्गीकरण संस्थांच्या संघटनेत ती २०१० पासून पूर्ण सदस्य आहे. काम सगळीकडे तेच. दरवर्षी जहाज पाहायचं, पाच वर्षांनी सगळं उघडून पाहायचं, गंजून पत्रा किती पातळ झाला ते यंत्राने मोजायचं, जुना पत्रा बदलायला लावायचा.

आणि यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे ग्रीस. जेमतेम एक कोटी लोकसंख्येचा देश, पण मालवाहू क्षमतेच्या हिशेबाने जगातल्या जहाजांचा जवळपास पाचवा हिस्सा ग्रीक मालकांकडे आहे. त्यातली कित्येक घराणी खिऑस, इनूसेस, अँड्रॉस अशा छोट्या खडकाळ बेटांवरची. दुसऱ्या महायुद्धात त्यांची बहुतेक जहाजं बुडाली. १९४६-४७ मध्ये ग्रीक सरकारच्या हमीवर त्यांना अमेरिकेची शंभर लिबर्टी जहाजं उधारीवर मिळाली आणि तिथून हा डोलारा पुन्हा उभा राहिला. पिकत नाही अशी जमीन, समोर पाणी, आणि मागे कोणीतरी हमीदार. आमच्या खोऱ्यातही पहिल्या दोन गोष्टी आहेत.

तर मामाची बोट. होळीच्या आदल्या दिवशी आम्ही भूषाहून निघालो. ढोल, दोन बकऱ्या, किराणा, बावा-बुध्या होणारी पोरं, त्यांचे घुंगरू आणि मोरपिसांचे टोप, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया. मी मोजली, ४१ माणसं. लाइफ जॅकेटं चार, तीही मागच्या फळीखाली दोरीने बांधलेली. काठ पाण्यापासून वीतभर वर. तळात पाणी येत होतं आणि एक पोरगा डब्याने ते उपसत होता, निवांतपणे, मित्राशी गप्पा मारत.

मला जानेवारी २०१९ आठवत होता. संक्रांतीच्या वेळी नर्मदेत पूजेला निघालेल्या लोकांची बोट याच भूषाजवळ उलटली. साठच्या आसपास माणसं होती. किमान पाच जण गेले. पुढच्या वर्षी, लॉकडाऊनमध्ये, चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे होडी वल्हवत बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत पोचत होत्या. १८ किलोमीटर वल्हवल्याची बातमी देशभर गाजली. मीही ती स्टेटसला ठेवली होती. त्यांच्या हातांचं कौतुक मला वाटलं, पण ती होडी कशी असेल, हा विचार मनात आला नाही.

रात्री शेकोटीपाशी मी मामाला माझं काम समजावून सांगितलं. आमच्यात मामाला ‘तू’च म्हणतात.

“मामा, तुझी बोट कोणी तपासलीय का?”

“मीच. रोज.”

“तसं नाही. बाहेरच्या माणसाने.”

तो हसला. मग त्याने विचारलं, “त्या मोठ्या जहाजाला कोण बघतं?”

मी सर्व्हेअरबद्दल सांगितलं. पिरिअसच्या रात्रीची गोष्ट सांगितली, ३० फेब्रुवारीची. त्यावर तो खूप हसला. मग म्हणाला, “एवढी धावपळ कशाला?”

“क्लास गेला की विमा जातो. विमा असेल तर जहाज बुडाल्यावर विमेवाल्याला पैसे द्यावे लागतात. म्हणून तो आधी बघून घेतो.”

मामा थोडा वेळ लाकूड सारत बसला.

“माझी बुडाली तर कोणाला पैसे द्यावे लागतात?”

मला उत्तर देता आलं नाही. माणसं गेल्यावर सरकार मदत जाहीर करतं, हे खरं. पण त्याच्या प्रश्नाचा अर्थ वेगळा होता. बोट बुडू नये यात आधीपासून कोणाचे पैसे अडकले आहेत? कोणाचेच नाहीत. म्हणून कोणी बघायला येत नाही. अडीचशे वर्षांपूर्वी त्या कॉफी हाऊसमध्ये जी काळजी सुरू झाली ती खलाशांच्या जिवाची नव्हती, लावलेल्या पैशाची होती. खलाशी त्या काळजीच्या आडोशाने वाचले, तेही अर्धेमुर्धे. १८७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये विमा भरपूर असलेली कुजकी जहाजं मालक खुशाल वाजवीपेक्षा जास्त भरून पाठवायचे. सॅम्युएल प्लिमसॉल नावाच्या खासदाराने त्यावर रान उठवलं आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाररेषा आली. ती रेषा पाण्याखाली गेली म्हणजे माल जास्त झाला. गंमत म्हणजे ती कुठे काढायची, हे आधी मालकावरच सोपवलं होतं. ती जागा कायद्याने ठरवून द्यायला १८९० उजाडलं.

आणि शिक्का असला तरी सगळं ठीक असतं असंही नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये ‘प्रेस्टीज’ नावाचं २६ वर्षं जुनं तेलवाहू जहाज स्पेनच्या किनाऱ्यापुढे दुभंगलं. ते चालवणारी कंपनी ग्रीक, झेंडा बहामाचा, क्लास अमेरिकन संस्थेचा. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची वार्षिक तपासणी झालेली होती. ७७ हजार टन तेलातलं बहुतेक समुद्रात गेलं. स्पेनने त्या वर्गीकरण संस्थेवर अमेरिकेत खटला भरला आणि २०१२ मध्ये हरला. ग्रीक कप्तानाला मात्र २०१६ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरवलं. तपासणाऱ्याची फी जहाजाचा मालकच भरतो, हे या धंद्याचं जुनं दुखणं आहे. पण निदान तिथे कोर्टात नेता येईल असा कागद होता. कोणी पाहिलं, कधी पाहिलं, काय लिहिलं, यावर दहा वर्षं भांडता आलं. मामाच्या बोटीबद्दल भांडायलाही काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी मामेभावाला घेऊन बोटीवर रेषा काढली. रिकामी बोट पाण्यात सोडली, वीस माणसं बसवली, मग पंचवीस, मग तीस. तिसाला मी थांबवलं. पोरांना वाटलं खेळ चाललाय. घराला लावून उरलेल्या पांढऱ्या ऑइल पेंटने दोन्ही बाजूंना हातभर पट्टा ओढला. हे शास्त्र नव्हे, हे मला कळत होतं. मी कोड लिहिते, बोटी नाही बांधत. प्लिमसॉलच्या काळातल्या मालकासारखी मीही रेषा अंदाजाने काढली होती.

मामाने पट्ट्याकडे पाहिलं. “आणि एकतिसावा आला तर?”

“त्याला पुढच्या फेरीला घे.”

“पुढच्या फेरीचं डिझेल?”

आता माझ्या लक्षात आलं, की पिरिअसचं जहाज अडवलं तर मालकाचं नुकसान होतं. मामाची बोट अडवली तर एकतिसाव्या माणसाचा बाजार बुडतो, किंवा ताप आलेलं लेकरू काठावरच राहतं, किंवा बाई डोंगरातून चालत निघते. इथे सगळी जोखीम प्रवाशाची आहे, आणि ती तो समजून उमजून घेतो, कारण दुसरी बोट नाही. नुसती तपासणी आणली आणि दुसरी बोट दिली नाही, तर तो नियम लोकांच्या मुळावर येईल. मग ते चोरून, अंधारात प्रवास करतील.

कायदा नाही असं नाही. २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे, त्याने १९१७ चा जुना कायदा बदलला. इंजिनाच्या बोटीची नोंदणी आणि सर्व्हे त्यात सांगितला आहे. या कामातली माणसं पवईत आहेत, नंदुरबारहून एका रात्रीच्या प्रवासावर. प्रश्न एवढाच आहे, की आमच्या पाण्याला आपण रस्ता मानतो का. एसटी घाटात नादुरुस्त झाली तर दुसरी पाठवावी लागते, हे सगळ्यांना मान्य आहे, कारण ती सोय आहे, उपकार नाही. आमचे रस्ते धरणाखाली गेले आणि त्यांच्या जागी पाणी आलं. तर त्या पाण्यावरची बोटही एसटीच. तिची वेळ ठरलेली हवी, दुसरी फेरी हवी, आणि वर्षातून एकदा आतून-बाहेरून पाहून सही करणारा माणूस हवा, ज्याची फी मामाने भरायची नाही.

तोवर मी दर महिन्याला बाजाराच्या दिवसांच्या दुसऱ्या फेरीचं डिझेल पाठवते. पुण्यात मित्रांबरोबर दोनदा बाहेर जेवलं तर तेवढे पैसे जातात. ही काही व्यवस्था नाही. मी नोकरी बदलली, आजारी पडले, की फेरी बंद.

मामेभाऊ रेंज मिळाली की बाजाराच्या दिवशी फोटो पाठवतो. मी आधी पट्टा शोधते. बहुतेक वेळा तो पाण्याच्या वर असतो. मागच्या महिन्यात एकदा दिसेना. मी फोन केला, लागला नाही. संध्याकाळी पुन्हा केला. मामाच बोलला.

“बाळंतीण होती. तिच्याबरोबर सहा जण आले. कोणाला उतरवू?”

“बाई कशी आहे?”

“पोचली. मुलगी झाली.”

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. ३० फेब्रुवारीची चूक मी त्या रात्रीच सुधारली होती. पुन्हा होऊ नये म्हणून तिच्यासाठी टेस्टही लिहून ठेवली आहे.