एका पौंडाची टीम

फॉर्म्युला वनमध्ये खर्च आटोक्यात आणण्यासाठी म्हणून जे नियम आले, त्यांतल्या बहुतेकांनी खर्च वाढवला. हे माझं मत ऐकून इथले सहकारी हसतात, खोडून मात्र कोणी काढत नाही. मी मूळचा पिंपरीचा. आता इंग्लंडात, नॉर्थम्प्टनशरमध्ये, रेसच्या गाड्यांचे कार्बन फायबरचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कॉस्टिंग बघतो. त्यामुळे शर्यत कोण जिंकलं यापेक्षा कोणाची फ्रंट विंग तुटली, याकडे माझं लक्ष आधी जातं.

गाडीच्या नाकाशी असलेली ही विंग टीव्हीवर पत्र्याच्या पट्टीसारखी दिसते. प्रत्यक्षात रेझिन मुरवलेलं कार्बनचं कापड फ्रीझरमधून काढायचं, कापायचं आणि साच्यात हाताने थरावर थर बसवायचा. प्रत्येक थरातल्या धाग्यांची दिशा ड्रॉइंगमध्ये ठरलेली असते. ती चुकली की भाग बाद. मग व्हॅक्यूम बॅग, ऑटोक्लेव्हमधली उष्णता आणि दाब, घासकाम, जोडणी, तपासणी. यात कापडाइतकाच, कित्येकदा जास्तच पैसा साच्यात आणि त्याआधीच्या विंड टनेलमधल्या तासांत जातो. आता नियमांचा हिशेब बघा. या विंगची रुंदी २००९ मध्ये १४०० मिलिमीटरवरून १८०० झाली, २०१४ मध्ये १६५०, २०१७ मध्ये पुन्हा १८०० आणि २०१९ मध्ये २०००. दर वेळी कारण पटण्यासारखं होतं आणि दर वेळी जुने साचे भंगारात गेले.

२००९ मध्येच हंगाम सुरू असताना गाडीच्या चाचण्या घेण्यावर बंदी आली. उद्देश काटकसरीचा. झालं काय, तर ट्रॅकवर वाचलेला पैसा सिम्युलेटर, विंड टनेल आणि कॉम्प्युटरमध्ये ओतला गेला. श्रीमंत टीमच्या हाती पैसा असेल तर ती तो कुठे ना कुठे खर्च करणारच. एक वाट बुजवली की दुसरी काढणार.

या खेळाचे नियम ठरवणाऱ्या एफआयएचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी दुखणं बरोबर ओळखलं होतं. मंदीत होंडा बाहेर पडली आणि टीमचे प्रमुख रॉस ब्रॉन यांनी तिची ब्रॅकलीची टीम नाममात्र एका पौंडाला घेतली. मोस्लींनी टीमच्या खर्चावर वर्षाला ४ कोटी पौंडांची मर्यादा सुचवली. मोठ्या टीमनी वेगळी स्पर्धा काढण्याची धमकी दिली आणि प्रस्ताव बारगळला. पण त्या आशेवर २०१० मध्ये तीन नव्या टीम उतरल्या होत्या. आपले करुण चंढोक आणि नारायण कार्तिकेयन ज्या एचआरटीसाठी धावले, ती २०१२ अखेर बंद पडली. २०१४ मध्ये २.४ लिटरच्या व्ही-८ इंजिनाऐवजी १.६ लिटरचं टर्बो हायब्रिड आलं. तंत्र म्हणून अप्रतिम, पण छोट्यांना विकत घेताना डोळे पांढरे करणारं. त्याच ऑक्टोबरात उरलेल्या दोन्ही टीम, केटरहॅम आणि मारुशिया, दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्या.

उपाय अखेर २०१९ मध्ये ठरला आणि कोविडने तो आणखी कडक केला. २०२१ पासून खर्चावरच मर्यादा आली: पहिल्या वर्षी १४.५ कोटी डॉलर, मग १४ आणि नंतर १३.५, वर महागाईची भर. ड्रायव्हरांचे पगार, जाहिरात आणि इंजिन त्याबाहेर. म्हणजे भगदाडं होतीच. तरी पहिल्यांदाच हिशेबनीसाचा शब्द डिझायनरइतका चालू लागला. २०२१ च्या हिशेबात रेड बुलने सुमारे १८.६ लाख पौंड जास्त खर्च केल्याचं निघालं. चुकांच्या यादीत कर्मचाऱ्यांच्या जेवणाचा खर्चही होता! ७० लाख डॉलर दंड झाला, तो त्यांना फारसा जाणवला नसेल. एरोडायनॅमिक चाचण्यांत झालेली १० टक्के कपात मात्र जाणवली असणार. २०२२ मध्ये जेद्दाला मिक शूमाखरची गाडी पात्रता फेरीत आदळली, तेव्हा त्याच्या हास टीमने त्याला शर्यतीत उतरवलंच नाही. पुढच्या मेलबर्नसाठी सुटे भाग उरले पाहिजेत, हाही विचार त्यामागे होता.

मर्यादेचा सर्वात मोठा परिणाम वेगळाच झाला. तोटा आटोक्यात आल्यावर टीमच्या किमती कडाडल्या. २०२० मध्ये अख्खी विल्यम्स १५.२ कोटी युरोंना गेली. २०२३ मध्ये अल्पिनचा नुसता २४ टक्के हिस्सा २० कोटींना. गरिबांना वाचवण्यासाठी आलेल्या नियमाने आत असलेले सगळेच श्रीमंत केले, आणि आता त्यांना दारात नवा भिडू नको असतो. कॅडिलॅकला अकरावी टीम म्हणून प्रवेश मिळवताना किती नाकदुऱ्या काढाव्या लागल्या, ते सगळ्यांनी पाहिलं.

२०२६ साठी पुन्हा सगळं नवं: इंजिनात विजेचा वाटा १२० किलोवॅटवरून ३५०, शाश्वत इंधन, गाडी लहान आणि हलकी, फ्रंट विंग १०० मिलिमीटर अरुंद. ऑडीसारखी कंपनी या इंजिनामुळेच आली, त्यामुळे बदल वाया गेला असं मी म्हणणार नाही. पण हे इंजिन एकाही शर्यतीत धावण्याआधी, २०२५ च्या फेब्रुवारीत, एफआयएचे अध्यक्ष मोहम्मद बिन सुलायम यांनी व्ही-१० परत आणण्याचा विचार बोलून दाखवला. खर्चाची मर्यादा घालणाऱ्यांनी स्वतःच्या नियमबदलांवरही एक मर्यादा घालावी. एकदा इंजिन ठरलं की दहा वर्षं त्याला हात लावू नये.