धामच्या वाळूत



वर्ध्याच्या उन्हाळ्याबद्दल तुम्ही ऐकलंच असेल. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. सुट्टी लागली की कुणी मामाच्या गावाला जातं, तर कुणी शिबिराला. माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी दर सुट्टीत चर्चच्या बायबल शाळेत जाते. गाणी, गोष्टी, कागदकाम आणि शेवटी खाऊ! गेल्या वर्षी तिनं आपल्या मैत्रिणीलाही बोलावलं.

ती मैत्रीण माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "बाई, दुसऱ्यांच्या देवाचं पुस्तक वाचलं, तर आपला देव रागावतो का?"

खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. "आईला विचार," म्हणून मी सुटका करून घेतली. आई नको म्हणाली. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या होत्या. माझ्या मनाला ते फार लागलं.

म्हणून हिवाळ्यात वर्गाची सहल काढली, ती पवनारला. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यानं निघालं, की सात-आठ किलोमीटरवर धाम नदी लागते. काठावर विनोबांचा आश्रम आहे.

नदीच्या वाळूत मुलं बसली आणि मी गोष्ट सांगितली. १८६८ साली इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये, लँडडनो गावाच्या समुद्रकिनारी, सुट्टीसाठी आलेली मुलं खेळत होती. जोसाया स्पायर्स नावाच्या गृहस्थांनी वाळूत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'देव प्रेम आहे.' मग मुलांनी शंखशिंपले गोळा करून ती अक्षरं सजवली. अशा मेळाव्यांतून पुढे मुलांची शिबिरं निघाली. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात उन्हाळ्यात चर्चच्या इमारती रिकाम्या असत, कॉलेजचे विद्यार्थी मोकळे असत आणि गरिबांची मुलं रस्त्यावर हिंडत. १९०१ साली रॉबर्ट बोव्हिल यांनी या तिघांची गाठ घालून दिली. सुट्टीतल्या बायबल शाळा अशा पसरत गेल्या.

गोष्ट संपवून आम्ही आश्रमात गेलो. विनोबा १९३८ मध्ये इथं राहायला आले. शेत खणताना त्यांना राम-भरत भेटीची जुनी मूर्ती सापडली. ती आजही इथं आहे. १९५९ साली त्यांनी इथं बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. गीता मराठीत आणून 'गीताई' लिहिणारे हे विनोबा. पण त्यांनी कुराणातली वचनं निवडून 'कुराण-सार' केलं आणि बायबलमधली निवडून 'ख्रिस्तधर्म-सार' केलं. गीताई काही त्यांच्या हातून सुटली नाही!

संध्याकाळी सेवाग्राम गाठलं. गांधीजी १९३६ मध्ये इथं आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि त्यातून 'नई तालीम' निघाली. सूतकताई, शेती, सफाई करता करता शिकायचं! ते काम सांभाळायला शांतिनिकेतनातून एक जोडपं आलं होतं. आर्यनायकम् हे श्रीलंकेचे ख्रिस्ती, तर त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. आपल्या गावच्या मुलांना शिकवताना त्यांचा धर्म कुठं आड आला नाही.

आश्रमात सर्वधर्मप्रार्थना होते. आम्ही सगळे पिंपळाखाली मांडी घालून बसलो. एकामागून एक निरनिराळ्या धर्मांची वचनं कानी पडत होती. एरवी चुळबुळ करणारी माझी मुलं अगदी गप्प होती.

परतताना ती मैत्रीण म्हणाली, "बाई, इथं तर कुणीच रागावलं नाही." सुट्टीआधी मला न सुचलेलं उत्तर तिनंच शोधून काढलं होतं.

तिच्या आईला मी हे सगळं सांगितलं. पाठवायचं की नाही, हे आईनंच ठरवायचं. "विचार करते, बाई," एवढंच ती म्हणाली. पण दोघी मैत्रिणी आता पुन्हा एकाच बाकावर बसतात.

तुम्हीही आई-बाबांना घेऊन या. पण हिवाळ्यात या बरं का! आणि धामच्या वाळूत बसलात, की एखादं चांगलं वाक्य बोटानं लिहून पाहा.