कळसूबाईचा सोडा

“यात बिअर तर नाही ना रे?” पुतण्याने जीपमध्ये स्टीलच्या दोन टाक्या ठेवल्या तशी हिने विचारले.

हौशी मंडळी घरची बिअर भरतात तशाच त्या टाक्या. पण आत होता आले-लिंबाचा सोडा! एक टाकी कळसूबाईच्या माथ्यावर प्यायची, दुसरी परतीच्या वाटेवर. दोन्हींवर घड्याळासारखा दाबमापक. अहिल्यानगरहून (जिभेला अजून नगरच!) निघताना २५ अंशांत काटा २ बारवर होता.

संगमनेर, अकोले, राजूर करीत बारी गावात मुक्काम केला. टाक्या रात्रभर अंगणात. पहाटे पाहतो तो थंडी १२ अंश आणि काटा जेमतेम एकाच्या पुढे! “गळाल्या!” म्हणत मी गॅसच्या नळकांड्याला हात घातला.

“काका, थांबा!” पुतण्याने जोडांना साबणाचे पाणी लावले. एक बुडबुडा येईल तर शपथ! “गॅस कुठे गेला नाही, पाण्यात मुरलाय. गार पाणी गॅस जास्त धरून ठेवतं. नुसता काटा पाहून भागत नाही, थर्मामीटरही पाहावा लागतो.”

मी मुकाट्याने टाकी पाठीला लावली. लोखंडी शिड्या चढून देवीच्या देवळाशी पोचलो. १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. गारठा तोच, पण काटा केसभर वर!

“आता कुणी भरला?” हिने विचारले.

“कुणीच नाही, काकू. काटा आतला दाब सांगत नाही. आतल्या नि बाहेरच्या दाबातला फरक सांगतो. नगरला बाहेरच्या हवेचा दाब सुमारे ०.९४ बार, इथे ०.८३. बाहेरचा रेटा कमी झाला, म्हणून काटा चढला.”

सोडा मात्र झकास फसफसला!

दुपारी खाली आलो. उन्हात उभ्या जीपमध्ये ३५ अंश, आणि दुसऱ्या टाकीचा काटा पावणेतीनवर! टाकीवर कोरलेली मर्यादा होती ४ बार. पहाटे मी गॅस भरून काटा २ वर आणला असता, तर तो आत्ता चार ओलांडून गेला असता. मला दरदरून घाम फुटला.

टाकी सावलीत ठेवून, ओले फडके गुंडाळून काटा उतरेपर्यंत आम्ही थांबलो. मग पेले भरले. हिने पहिला पेला पुतण्याला दिला. माझा नंबर शेवटी लागला, आणि तो रास्तच होता!