देव खोटे, पायऱ्या खऱ्या

'गेम ऑफ थ्रोन्स'चे फॅन असाल, तर डुब्रोव्हनिकमध्ये फारशी वाट विचारावी लागत नाही. क्रोएशियातल्या या समुद्राकाठच्या शहरात तटबंदीच्या आत शिरायचं, गुंडुलिच चौकातला बाजार ओलांडायचा आणि कान उघडे ठेवायचे. कुणीतरी हौशी पर्यटक 'शेम! शेम!' ओरडतच असतो. बस्स, त्याच त्या जेझुइट पायऱ्या!

जून 2015 मध्ये पाचव्या सीझनचा शेवटचा एपिसोड आला आणि या पायऱ्या घराघरांत पोचल्या. राणी सर्सीचे केस भादरलेले, अंगावर चिंधी नाही, मागे घंटा वाजवणारी संन्यासिनी आणि अख्ख्या शहरातून धिंड. ही शिक्षा देणारा कोण? ना राजा, ना सेनापती. गोरगरिबांना जेवू घालणारा, अनवाणी फिरणारा एक म्हातारा धर्मगुरू, हाय स्पॅरो.

या काल्पनिक धर्मात देव एक, पण चेहरे सात. पिता, माता, योद्धा, कुमारी, लोहार, वृद्धा आणि सातवा 'अनोळखी', म्हणजे मृत्यू. पुजारी 'सेप्टन', संन्यासिनी 'सेप्टा' आणि सगळ्यांचा बॉस 'हाय सेप्टन'. लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी हा सगळा डोलारा मध्ययुगीन कॅथलिक चर्चवरून बेतला. धिंडही इतिहासातलीच. इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डची प्रेयसी जेन शोर हिला, राजा गेल्यावर, 1483 मध्ये लंडनच्या रस्त्यांवरून असंच प्रायश्चित्त म्हणून चालवलं होतं.

गंमत बघा, हाय स्पॅरोला मोठं केलं ते सर्सीनंच. विरोधकांचा काटा काढायला तिनं धर्माच्या हाती शस्त्रं दिली आणि त्याच हातांनी तिला कोठडीत टाकलं. ऑफिस पॉलिटिक्स जवळून पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको!

पण पडद्यावरच्या या धर्माला वजन आलं ते खऱ्या दगडांमुळे. 1738 च्या या पायऱ्या रोमच्या पिएत्रो पासालाक्वा या वास्तुरचनाकाराच्या. रोममधल्या 'स्पॅनिश स्टेप्स'ची आठवण करून देणाऱ्या. खाली ऐसपैस, वर निमुळत्या. वरचा माणूस आपोआप मोठा दिसतो, खालच्याची मान आपोआप वर होते. वर सेंट इग्नेशियसचं चर्च आहे, 1725 मध्ये पूर्ण झालेलं. सहाव्या सीझनला, 2016 मध्ये, मालिकेतलं हेच मंदिर थेट स्पेनमधल्या जिरोना कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर 'शिफ्ट' झालं. शहर बदललं, पण उंच पायऱ्या आणि वर देवाचं दार, हा फॉर्म्युला तोच! सीझनअखेर सर्सीनं मंदिर उडवून दिलं. पडद्यावर, अर्थात. दोन्हीकडच्या पायऱ्या शाबूत आहेत.

डुब्रोव्हनिकच्या पायऱ्यांवर कुणी सर्सी होतं, कुणी घंटावाली. गर्दीचा रोल मात्र कुणालाच नको असतो. पण हाय स्पॅरोची खरी ताकद तीच होती. बघ्यांनी शिव्या घातल्या नसत्या, शेण फेकलं नसतं, तर ती धिंड म्हणजे नुसती पायपीट ठरली असती. मोबाईल उंचावून 'शेम' ओरडताना आपण नेमके त्याच जागी उभे असतो.

म्हणून एक टिप. इथे भल्या सकाळी जा, क्रूझची गर्दी उतरायच्या आधी. काही न ओरडता वर चढा. आणि मग वरून खाली बघा.