परवा

हिंदीच्या 'कल'ला नावं ठेवणं हा मराठी माणसाचा बिनखर्चाचा छंद आहे. गेला तोही 'कल' आणि येणार तोही 'कल', माणसानं समजायचं काय? आमच्याकडे कसं, काल तो काल, उद्या तो उद्या! आणि हेच गृहस्थ त्याच दमात सांगतात, "परवा मेहुणे आले, परवा जाणार." दोन परवांत चार दिवसांचा मुक्काम! कुठला परवा ते शेवटचं क्रियापद ठरवतं.

शेजारचा मुलगा कॉम्प्युटर शिकतो. तो म्हणाला, "काका, हे जावाला चालत नाही." जावांना एकमेकींचं काही चालत नाही, हे मला घरात बसून ठाऊक होतं, पण ही जावा प्रोग्रॅमिंगची भाषा निघाली. तिथलं फंक्शन म्हणजे आमच्या बँकेतला शिपाई. हाक मारली की काम करून उत्तर आणणारा. दोन शिपायांचं नाव पांडू असलं तरी चालतं. चेक दिला की एक उठतो, चहाचे पैसे दिले की दुसरा. पण हातात काहीच न देता हाक मारली, आणि एक आकडा आणणारा, दुसरा अक्षरं आणणारा असला, तर जावा आणि सी प्लस प्लस दोघीही हात जोडतात. कारण तिथे आणलेलं उत्तर घेतलंच पाहिजे असं नाही. मग कुठल्या पांडूनं उठायचं?

१९८३ साली प्रमाणित झालेल्या 'एडा' भाषेला मात्र हे जमतं. (येडा नव्हे, १८१५ साली जन्मलेल्या एडा लव्हलेस या विदुषीचं नाव.) तिथे फंक्शनचं उत्तर टाकून द्यायची सोयच नाही. उत्तर कुठे ठेवायचंय ते पाहून ती नेमका पांडू उठवते. म्हणजे क्रियापद येईपर्यंत थांबते!

गोवंडीला आमच्या इमारतीचं रंगकाम निघालं, तेव्हा रंगाऱ्यानं ठेकेदाराला विचारलं, "शेठ, मजुरी?" शेठ म्हणाले, "परवा." बस्स. क्रियापद नाही! जावानं इथेच काम थांबवलं असतं. रंगाऱ्यानं आपल्या सोयीचा परवा धरला आणि त्या दिवशी हजर झाला. शेठ म्हणाले, "अरे, परवाच दिली की!"

मी रंगाऱ्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "बाबा रे, बँकेत आम्ही परवा मानत नाही. तारीख लिहून घेत जा."

"साहेब," तो ब्रश धूत म्हणाला, "तारीख मागणाऱ्याला पुढचं काम मिळत नाही."